मूल सारखं ‘हुं हुं’ करतंय? बेळगाव भागातल्या आई-वडिलांसाठी, पायरी-पायरीनं

आमचं घर वडगावात. पुढच्या खोलीत दोन यंत्रमाग, मागं स्वयंपाकघर, वर माळा. माग चालू असले की शेजारच्या माणसाशीही ओरडून बोलावं लागतं. त्यामुळं धाकट्याच्या घशातून येणारा आवाज घरात कुणालाच ऐकू आला नव्हता. एका रविवारी दुपारी लाईट गेली, माग थांबले, आणि चित्र रंगवत बसलेलं पोरगं ‘हुं... हुं-हुं’ करताना ऐकू आलं. मी मोजत बसले. लाईट येईपर्यंत तीसेक वेळा तरी झालं असेल. तेव्हा तो सहा वर्षांचा होता.

पुढचे आठ महिने चुकीचं म्हणून जे जे करता येतं ते आम्ही केलं: काढे, सिरप, रागावणं, आमिषं, अंगारा. आता तो दहाव्या वर्षात आहे आणि घरात या विषयाचा ताण उरलेला नाही. मी डॉक्टर नव्हे, पण कुठं वेळ आणि पैसा वाया जातो ते मला पाठ झालंय. तेवढं इथं मांडते.

1. आधी ठरवा: खोकला की टिक?

टिक म्हणजे आपोआप, अचानक, पुन्हा पुन्हा होणारी हालचाल किंवा निघणारा आवाज. आवाजाच्या टिक्समध्ये खाकरणं, नाक ओढणं, कोरडं खोकणं, घशातून ‘हुं’ किंवा ‘अं’, बारीक किंकाळी, कधी पिल्लासारखं भुंकणं, क्वचित एखादा शब्द परत परत म्हणणं हे सगळं येतं. बहुतेक मुलांत सुरुवात चार ते सहा वर्षांच्या आसपास होते, आणि आवाजाच्या आधी डोळे मिचकावणं किंवा मान झटकणं येऊन गेलेलं असतं. आमच्याकडं आधी वर्षभर पापण्यांचा खेळ चालला होता. आम्ही चष्म्याच्या दुकानात जाऊन आलो, नंबर निघाला नाही, विषय संपला. दोन गोष्टींचा संबंध कुणी लावला नाही.

घरी करायची सर्वांत सोपी तपासणी म्हणजे मूल गाढ झोपल्यावर उशाशी दहा मिनिटं बसणं. टिक झोपेत सहसा गप्प होते. झोपेतही खोकला येत असेल, धाप लागत असेल, ताप असेल तर आधी दमा, ॲलर्जी, छाती बघून घ्यायची. दुसरी खूण अशी की टिक कमी-जास्त होत राहते. पंधरा दिवस गायब, मग नवा आवाज घेऊन हजर. तिसऱ्या खुणेवर सगळे फसतात: मूल थोडा वेळ ती दाबून धरू शकतं. ‘पाहुणे असले की बरोबर गप्प बसतो, म्हणजे मुद्दाम करतोय,’ असं मीही म्हटलंय. डास चावल्यावर खाजवायचं नाही असं ठरवून बसा. बसाल थोडा वेळ. मग?

शाळेच्या वयात पाचातल्या एका मुलाला कधी ना कधी टिक येऊन जाते असं धरतात, आणि बऱ्याच जणांची वर्षभरात आपोआप जाते. वर्षाच्या पुढं रेंगाळली आणि त्यात हालचालीच्या निदान दोन टिक्स व आवाजाची निदान एक असली, तर डॉक्टर ‘टूरेट’ हे नाव वापरतात. जिल द ला टूरेट या फ्रेंच डॉक्टरनं 1885 साली अशा नऊ रुग्णांचं वर्णन लिहिलं, त्याच्या नावावरून. नाव ऐकून हातपाय गाळू नका. टूरेट म्हणजे शिव्या देणारं मूल, असं मोबाईलवरच्या व्हिडिओंत दाखवतात. प्रत्यक्षात टूरेट असलेल्यांपैकी दहा-पंधरा टक्क्यांच्याच बाबतीत तसं होतं. जोर बहुधा दहा-बारा वर्षांच्या सुमाराला सर्वांत जास्त असतो आणि पुढं बहुतेकांचा ओसरत जातो. मुलग्यांत प्रमाण मुलींच्या तीन-चार पट.

हे संस्कारांमुळं होत नाही, मोबाईलमुळं होत नाही, आणि शेजारच्या पोराकडून ‘लागत’ नाही. मेंदूत हालचालींना लगाम घालणारी जी यंत्रणा असते ती थोडी सैल असते, आणि हे पुष्कळदा घराण्यातून येतं. डॉक्टरांनी विचारल्यावर सासूबाईंना आठवलं की आमचे एक चुलत सासरे मागावर बसून आयुष्यभर नाक ओढत आले. त्यांना कुणी कधी दवाखान्यात नेलं नाही. ‘नाकओढे काका’ एवढंच त्यांचं निदान.

2. पंधरा दिवस वही, आणि तीन-चार व्हिडिओ

डॉक्टरांसमोर मूल हमखास गप्प बसतं. नव्या जागेत, नव्या माणसासमोर टिक दबते. म्हणून पुरावा सोबत न्यायचा. माझ्या वहीतल्या काही ओळी जशाच्या तशा:

‘सोमवार. शाळेला निघताना खूप. बूट घालेपर्यंत सात-आठ वेळा.’
‘बुधवार. कन्नडच्या तासाला मोठ्यानं वाचायला उभं केलं होतं. घरी आल्यावर अर्धा तास सलग.’
‘शनिवार. मामाकडं विहिरीत पोहायला. एकदाही नाही.’
‘शिवजयंतीचे चित्ररथ बघून रात्री दोनला घरी. दुसरा दिवस वाईट.’

पंधरा दिवसांत चित्र साफ दिसलं: थकवा, अपुरी झोप, भीती आणि अति आनंद, या चारांनी वाढतं. मन रमलं की कमी होतं. जूनमध्ये शाळा उघडताना आणि गणपतीच्या अकरा दिवसांत वाढणार, हे आता आम्ही धरूनच चालतो.

व्हिडिओ अर्ध्या-अर्ध्या मिनिटाचे पुरेत, मुलाला कळू न देता. वही पंधरा दिवसांनी बंद करा. नाहीतर तुमचंच डोकं मोजणीचं यंत्र होतं आणि मुलाला ते दिसतं. आणि व्हिडिओ घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चुकूनही टाकू नका. आमच्या एका नातेवाइकांनी ‘कुणाला उपाय माहीत आहे का’ म्हणून टाकला. चाळीस उपाय आले. पुढच्या लग्नात पोरं त्याच्याभोवती जमून ‘हुं’ करू लागली.

3. कुठल्या डॉक्टरकडं, कुठल्या क्रमानं

आम्ही उलटे गेलो. आधी गल्लीतल्या दवाखान्यातून खोकल्याचं सिरप, मग दुसरं, मग गुंगी आणणारं तिसरं. मग एका घशाच्या तज्ज्ञांकडं. त्यांनी टॉन्सिल काढायचं सुचवलं. तारीखही ठरली होती. नेमकी त्या आठवड्यात टिक गायब झाली म्हणून ऑपरेशन टळलं. तीन आठवड्यांनी ती परत आली, यावेळी खांदा उडवत.

तुम्ही बालरोगतज्ज्ञांपासून सुरुवात करा. व्हिडिओ दाखवा आणि थेट विचारा, ‘ही टिक असू शकते का?’ हा प्रश्न आपण विचारला की बोलणं सिरपवरून हलतं. त्यांना गरज वाटली तर ते मेंदूविकारतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञांकडं पाठवतील. निदान ऐकून आणि बघून होतं. नेहमीच्या टिकसाठी स्कॅन किंवा ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींची तपासणी) सहसा लागत नाही. कुणी लिहून दिलंच तर कशासाठी ते विचारा. विचारण्यात उद्धटपणा काही नाही.

बेळगावात जिल्हा रुग्णालय म्हणजे बिम्स, आणि नेहरूनगरातलं केएलईचं प्रभाकर कोरे हॉस्पिटल, या दोन्हीकडं मुलांचा आणि मानसोपचाराचा विभाग आहे. कित्तूर, बैलहोंगलकडच्यांना धारवाडचं डिमहान्स, म्हणजे मानसोपचाराचं सरकारी रुग्णालय, सोयीचं. निपाणी, चिकोडीकडची मंडळी कोल्हापूर-मिरजेला जातात, तेही ठीक. बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये मुलांचा वेगळा मानसोपचार विभाग आहे, पण साध्या टिकसाठी राणी चन्नम्मा एक्सप्रेसची तिकिटं काढून रात्रभर प्रवास करायची गरज नाही. इथल्या डॉक्टरांनी पाठवलं तरच जा. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात ठरावीक दिवशी मानसोपचारतज्ज्ञ येतात का, तेही विचारून घ्या. नुसतं बोलायचं असेल तर 14416 हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे. 2022 पासून चालू आहे, फुकट आहे, रात्रीही लागतो.

‘मानसोपचार’ ही पाटी बघून आमचे मामंजी दारातूनच परत फिरले होते. ‘पोरगं येडं हाय काय?’ त्यांना बाहेर बाकावर चहा देऊन बसवलं आणि आम्ही आत गेलो. कधी कधी एवढंच जमतं.

सोबत नेण्याची पिशवी:
– वही आणि व्हिडिओ असलेला मोबाईल, चार्ज करून
– जुन्या सगळ्या चिठ्ठ्या आणि सिरपच्या रिकाम्या बाटल्या (नाव आठवत नाही, बाटली बोलते)
– मुलाचं आणि आपलं आधार, रेशन कार्ड, लसीकरणाचं कार्ड
– घराण्यात कुणाला असं होतं का, त्याची माहिती. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईला विचारून जा
– कन्नड किंवा इंग्रजी नीट बोलणारं कुणीतरी, आपल्याला येत नसेल तर

शेवटची ओळ हलकी समजू नका. सगळी मदार तुम्ही किती बारकाईनं सांगता यावर असते, आणि मोडक्या कन्नडात ‘केम्मु, केम्मु’ म्हटलं की समोरचा खोकल्याचंच औषध लिहिणार.

या गोष्टी दिसल्या तर वही-बिही सोडा आणि लगेच डॉक्टर गाठा: आवाज काढताना मूल भानावर नसणं किंवा हाक मारून ओ न देणं, खाता-खाता ठसका लागून अचानक सुरू झालेला खोकला (शेंगदाणा श्वासनळीत अडकलेला असू शकतो), नवीन औषध सुरू केल्यावर आलेला त्रास, येत असलेलं बोलणं-चालणं मागं पडणं, रात्रीत अचानक टिक, भीती आणि जेवण सोडणं हे सगळं एकदम सुरू होणं, स्वतःला इजा होईल इतका जोर.

4. घरात: गप्प बसायला शिकायचं ते आपण

हे सर्वांत अवघड. डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितलं, ‘टिककडं लक्ष देऊ नका, मुलाकडं द्या.’ ऐकायला सोपं. पण जेवताना दर मिनिटाला ‘हुं’ ऐकू येतं तेव्हा घास घशात अडकतो. सासूबाई दर वेळी म्हणायच्या, ‘कशाला असं करालास रे? पाणी पी.’ पोरगं दिवसाला तीन-चार तांबे पाणी प्यायचं आणि रात्री अंथरूण ओलं करायचं.

आमची सर्वांत मोठी चूक सायकलची. ह्यांनी कबूल केलं, आठ दिवस आवाज नाही काढलास तर सायकल. पोरानं मनावर घेतलं. पहिला दिवस खरंच शांत गेला. संध्याकाळी मी न्हाणीघरात बादली घ्यायला गेले तर दार आतून बंद, नळ पूर्ण सोडलेला, बादली भरून पाणी वाहून चाललेलं, आणि त्या पाण्याच्या आवाजाआड तो ‘हुं-हुं-हुं’ करत उभा. दिवसभराचं साठलेलं. मी दार वाजवलं नाही. ह्यांना जाऊन सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी विनाअट सायकल आली.

तेव्हापासून घरात हे पाळतो. ‘थांब’, ‘पुरे’, ‘बघ परत केलंस’ हे शब्द बंद. बक्षीस नाही, शिक्षा नाही, ‘आज कमी केलंस, शाब्बास’ हेही नाही, कारण त्यातूनही आपण मोजतोय हे त्याला कळतं. आवाज चालू असताना बोलणं तोडायचं नाही, वाक्य पुरं करायचं. झोप साडेनऊला. गर्दीतून किंवा शाळेतून आल्यावर पहिला अर्धा तास त्याला कुणी काही विचारत नाही. शाळेत दाबून ठेवलेलं घरी सुटतं. ते सुटतं म्हणजे घर त्याला सुरक्षित वाटतं, असं डॉक्टर म्हणाले. त्या दिवशी मला पहिल्यांदा बरं वाटलं.

मुलाला स्वतःला सांगायला विसरू नका. आम्ही वर्षभर कुजबुजत राहिलो आणि त्याला वाटलं आपल्याला काहीतरी भयंकर झालंय. शेवटी मागाचंच उदाहरण दिलं: कधी कधी धोटा (मागावर धागा घेऊन इकडून तिकडं पळणारा तुकडा) उगाच एक फेरी जास्त मारतो की नाही, तसा तुझा मेंदू घशाला एक निरोप जास्त पाठवतो, माग बिघडलेला नसतो, कापड निघतंच. त्याला पटलं. नंतर एकदा स्वतःच म्हणाला, ‘आई, आज धोटा लई पळालाय.’

देवाधर्माचं म्हणाल तर दृष्ट काढा, सौंदत्तीला जाऊन या, घरातल्या मोठ्यांचं समाधान होतं. पण मिरच्यांची धुरी देऊ नका, आणि वेखंड किंवा कुणी दिलेली पुडी उगाळून चाटवू नका. माझ्या माहेरी एकांनी ‘जीभ जड आहे’ म्हणून डाग द्यायचं सुचवलं होतं. त्यांना मी चहासुद्धा विचारला नाही.

5. शाळेत: तक्रार यायच्या आधी आपण जायचं

शाळा उघडल्याच्या पहिल्या आठवड्यात वर्गाच्या बाईंना भेटा. सगळ्यांसमोर नको, मधल्या सुट्टीत किंवा शाळा सुटल्यावर. डॉक्टरांच्या चिठ्ठीची झेरॉक्स आणि एक छोटं पत्र द्या. माझं पत्र असं होतं:

‘माझ्या मुलाला टिकचा त्रास आहे. तो घशातून आवाज काढतो तो मुद्दाम नसतो आणि त्याला तो थांबवता येत नाही. थांबव म्हटलं की वाढतो. कृपया आवाजाकडं लक्ष देऊ नये. फार वाढल्यास त्याला पाणी प्यायच्या निमित्तानं दोन मिनिटं बाहेर जाऊ द्यावं. त्याला कोणत्याही कामातून किंवा खेळातून वगळू नये.’

शाळा कन्नड किंवा इंग्रजी माध्यमाची असेल तर पत्र त्या भाषेत लिहून घ्या. मराठी पत्र बाईंच्या पर्समध्ये पडून राहतं. बसायची जागा बाजूची, मागच्या रांगेच्या आसपास मागा. पहिल्या बाकावर बसवलं की सगळा वर्ग त्याच्या पाठीकडं बघतो. मोठ्यानं वाचन आणि तोंडी परीक्षा एकट्यानं बाईंसमोर घेता येते का, ते विचारा.

आमच्या पहिल्या शाळेत त्याला ‘वर्गात म्हैस आलीय’ म्हणून दाराबाहेर उभं करायचे. आम्हाला ते दोन महिन्यांनी कळलं, तेही शेजारच्या मुलीकडून. तुमच्यावर अशी वेळ आली तर हे लक्षात ठेवा: शिक्षण हक्क कायदा 2009, कलम 17. मुलाला शारीरिक शिक्षा किंवा मानसिक त्रास देण्याला त्यात मनाई आहे. आधी मुख्याध्यापक, मग सरकारी शाळा असेल तर एसडीएमसी (शाळेवर देखरेख करणारी पालकांची समिती), मग तालुक्याच्या शिक्षणाधिकाऱ्याचं म्हणजे बीईओ ऑफिस. अर्ज लेखी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. आम्ही हे काही न करता शाळा बदलली. आज वाटतं, अर्ज द्यायला हवा होता.

आणखी एक. बाईंना विचारा की मूल जागेवर बसतं का, लक्ष लागतं का, एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करायचा हट्ट असतो का. टूरेट असलेल्या पुष्कळ मुलांना सोबत अतिचंचलपणा किंवा मंत्रचळही असतो, आणि अभ्यासात अडतं ते बहुधा त्यामुळं.

6. बसमध्ये, देवळात, लग्नात

लोक वळून बघणारच. मराठी माणसाला ‘त्याला त्रास आहे, आपोआप येतं’ एवढं पुरतं. कन्नड माणसाला सांगायला हे पाठ करा: ‘अवा बेकंत माडंगिल्री, तानागे बर्तैत्री.’ तो मुद्दाम करत नाही हो, आपोआप येतं. हसून म्हणा, आणि मुलाला ऐकू जाईल असं म्हणा. एकदा हे ऐकून बसमधल्या एका अज्जीनं आपल्या कमरेच्या पिशवीतून त्याला खडीसाखर काढून दिली. बरोबरचा कॉलेजचा पोरगा मात्र शेवटपर्यंत बघतच राहिला.

7. उपचार कधी, कुठला

टिकमुळं मुलाला दुखत नसेल, अभ्यास-मैत्री अडत नसेल, तर वाट बघणं हाही उपचारच. आपल्याला आवाजाचा कंटाळा आलाय म्हणून औषध नको. मूल स्वतः म्हणत असेल ‘मला हे नकोय’, तेव्हा पुढं जा.

पहिला पर्याय सवय बदलण्याच्या प्रशिक्षणाचा. टिक येण्याआधी घशात जे ‘काहीतरी’ होतं ते ओळखायला मुलाला शिकवतात आणि त्याच क्षणी उलट क्रिया करायला लावतात. आवाजाच्या टिकसाठी बहुधा तोंड मिटून नाकानं सावकाश श्वास. अमेरिकेत नऊ ते सतरा वयाच्या 126 मुलांवर अशा प्रशिक्षणाची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष 2010 साली आले: प्रशिक्षण घेतलेल्यांपैकी निम्म्याहून थोड्या जास्त मुलांना चांगला फरक पडला, नुसता आधार आणि माहिती दिलेल्यांत पाचातल्या एकालाही नाही. म्हणजे उपयोग आहे, जादू नाही. ‘काहीतरी होतंय’ हे लहान मुलांना सांगता येत नाही, म्हणून आम्ही नऊ वर्षं पूर्ण होईपर्यंत थांबलो. शिकवणारी व्यक्ती मुलाच्या भाषेतली हवी. आमच्या पहिल्या ताई फक्त कन्नड-इंग्रजी बोलायच्या आणि हा सगळ्याला ‘हो’ म्हणायचा. नंतर मराठी येणाऱ्या मिळाल्या, तेव्हा कळलं की त्याला घशात ‘बोंडाचा धागा’ अडकल्यासारखं वाटतं.

गोळ्या शेवटी. त्या टिक कमी करतात, मुळातून काढत नाहीत, आणि काहींनी झोप येते किंवा वजन वाढतं. आमच्याकडं लागल्या नाहीत, पण ओळखीतल्या एका मुलीला क्लोनिडीन चालू आहे आणि तिला फरक आहे. ही गोळी आपल्या मनानं एकदम बंद करायची नसते, रक्तदाब उसळतो. ते लोक सुट्टीला कणकुंबीकडं आजोळी गेले आणि गोळ्यांची पट्टी घरीच राहिली. पावसात रस्ता बंद, जवळ मेडिकल नाही. शेवटी बेळगावहून येणाऱ्या दूधवाल्याच्या हाती गोळ्या मागवल्या. तेव्हापासून ती मुलगी दप्तराच्या आतल्या कप्प्यात वेगळी पट्टी ठेवते, आणि तिची आई वेगळी.